काम एकीकडे, घर दुसरीकडे

(संस्थेच्या वार्षिक समारंभानिमित्त भरलेल्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मुलांना नोकरीविषयी चार शब्द सांगा, अशी आज्ञा मला संस्थेकडून झाली होती. नोकरी कशी मिळवावी हे सांगणारे माझ्यापेक्षा पुष्कळ जाणते लोक या शहरात आहेत. माझे आयुष्य नकाशे काढण्यात आणि दुसऱ्यांनी काढलेले नकाशे तपासण्यात गेले. त्यामुळे नोकरी कोणती यापेक्षा ती कुठे, आणि ती करणारा माणूस रात्री झोपायला जातो कुठे, हाच प्रश्न माझ्या डोक्यात पहिल्यांदा येतो.

गेल्या वर्षी याच मेळाव्यात एक भगिनी मला भेटल्या. राहायला कोंढव्याला. मुलगी हुशार, संगणकाची पदवी घेतलेली, हिंजवडीत चांगल्या पगाराची नोकरी चालून आलेली. आईचा प्रश्न एकच होता. "सकाळी सातला निघेल, रात्री साडेआठला येईल. पाठवू का नको?" मी तेव्हा काहीतरी मोघम उत्तर दिले आणि घरी गेल्यावर मला त्याची लाज वाटली. कारण ज्याला आमच्या कचेरीच्या भाषेत प्रादेशिक नियोजन म्हणतात, त्याचे सगळे सार त्या एका प्रश्नात होते. शहराने काम पश्चिमेला नेले, परवडणारे घर दक्षिणेला ठेवले आणि मधले पंचवीस-तीस किलोमीटर त्या मुलीच्या वाट्याला दिले. आज त्या प्रश्नाचे जरा नीट उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

माझे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कामाला होते. तो कारखाना १८६९ सालचा. आम्ही भवानी पेठेत राहत असू. अब्बा सायकलने जात. संगमावरचा पूल ओलांडला की पलीकडे खडकीचा रस्ता, सगळे मिळून चाळीसएक मिनिटे. पुण्याला सायकलींचे शहर म्हणत ते काही हौसेखातर नव्हे. सायकलने रोज जाऊन येता येईल एवढ्याच अंतरात बहुतेकांचे काम होते, म्हणून सायकल पुरत होती. अब्बा संध्याकाळी घरी येत तेव्हा उजेड असे, आणि आमचा गृहपाठ ते स्वतः तपासत. ही गोष्ट मी तेव्हा गृहीत धरली होती. आज तिची किंमत कळते.

त्याहून मागे गेलो तर पेठांची रचनाच अशी होती की अंतर जवळजवळ शून्यच. कसब्यात तांबट आळी आहे, कागदीपुरा आहे. हाताने कागद करणारे आपले कागदी लोक तिथे राहत आणि तिथेच कागद करीत. मोमीनपुऱ्याचे नावच विणकरांवरून पडले. खाली माग, वर घर. या व्यवस्थेचे मी उगाच गोडवे गाणार नाही. धूर, आवाज, ओल, एका खोलीत आठ माणसे आणि धंदा बसला की सगळी आळीच बसली, हेही त्यातच होते. शिवाय ज्याचे काम त्याच आळीत, त्याचे जगही तेवढ्याच आळीचे. परंतु घरातली बाई हिशेब पाहू शकत होती, माल बांधू शकत होती आणि मूल पाळण्यात ठेवून काम करू शकत होती. काम घरापासून दूर गेले तेव्हा पुरुष त्याच्या मागे गेला, बाई मात्र बहुतेक वेळा मागेच राहिली. हा मुद्दा नियोजनाच्या पुस्तकांत फार उशिरा आला.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत आणि खडकवासला ही धरणे फुटली. नदीकाठच्या पेठा वाहून गेल्या. वडीलधाऱ्यांना त्याची आठवण करून द्यायला नको. पुरानंतर गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर अशा वसाहती उभ्या राहिल्या. घर मिळाले हे खरेच, आणि ते तातडीने देणे भागही होते. पण पेठेतल्या माणसाला पेठेबाहेर घर मिळाले की त्याचे गिऱ्हाईक त्याच्याबरोबर जात नाही. शहर एकसंध राहिले नाही, त्याची राहण्याची आणि कमावण्याची जागा वेगळी होऊ लागली, ती साधारण याच सुमारास.

त्याच सुमारास मुंबई-पुणे रस्त्यावर दुसरी गोष्ट घडत होती. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. पेनिसिलिनचा कारखाना आणि शेजारी कामगारांची वसाहत. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे आपली एम.आय.डी.सी. निघाली. मग आकुर्डीला बजाज, १९६६ पासून टेल्को, आणि त्यांच्या मागे सुटे भाग करणारे शेकडो लहान कारखाने. चार गावे एकत्र करून १९७० साली पिंपरी-चिंचवडची नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका. २००१ च्या जनगणनेत तिथे दहा लाखांच्या वर माणसे होती, २०११ च्या जनगणनेत सव्वासतरा लाख. एका पिढीच्या डोळ्यांदेखत शेताचे शहर झाले.

हे सगळे डोळे मिटून झाले असे कोणी समजू नये. प्राध्यापक धनंजयराव गाडगीळ यांचे नाव विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे. गोखले अर्थशास्त्र संस्थेत बसून त्यांनी पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली. माणसे कोणत्या खोलीत राहतात, काय कमावतात, घरात किती जण कमावते आहेत, हे घरोघर विचारून. ती पाहणी १९४५ आणि १९५२ साली दोन भागांत प्रसिद्ध झाली. पुढे १९६५ साली मुंबई-पनवेल आणि पुणे या दोन प्रदेशांचा विचार करण्यासाठी राज्य सरकारने समिती नेमली, तिचे अध्यक्षही गाडगीळच. शहराची हद्द जिथे संपते तिथे विचार थांबवू नये, आसपासचा सगळा मुलूख एकत्र पाहावा, ही त्यातली दृष्टी. १९६६ सालच्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमात ती कायद्यात आली आणि पुणे प्रदेशासाठी स्वतंत्र योजना तयार झाली.

त्याच विचारातून १९७२ साली पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले. कल्पना सुरेख होती. एका बाजूला कारखाने, लगेच शेजारी आखीव-रेखीव पेठा, बागा, शाळा आणि कामगाराला नव्याण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्याने भूखंड. निगडी-आकुर्डीच्या बाजूला आज फेरफटका मारला तर रुंद रस्ते आणि झाडे पाहून मन प्रसन्न होते. मी स्वतः त्या आराखड्याचा चाहता आहे. पण चाहत्यानेच उणिवा सांगाव्यात.

पहिली उणीव जमिनीची. जमीन शेतकऱ्यांकडून घेतली. मोबदल्यात विकसित जमिनीचा साडेबारा टक्के परतावा मिळावा यासाठी त्या कुटुंबांच्या दोन-दोन पिढ्यांनी खेटे घातले. ज्याच्या शेतात शहर उभे राहिले त्यालाच शहरात घर मागावे लागले. दुसरी उणीव वेगाची. कारखाना दोन वर्षांत उभा राहतो, वसाहतीला वीस वर्षे लागतात. मधल्या काळात आलेला कामगार आकाशाखाली राहत नाही. त्याने थेरगाव, काळेवाडी, रहाटणीत गुंठा-दीड गुंठा घेतला, जमेल तसे बांधले. अनधिकृत म्हणून त्याला नोटिसा आल्या आणि २००१ साली गुंठेवारीचा कायदा करून अशा घरांना नियमित करण्याची वाट काढावी लागली. तिसरी उणीव सर्वांत मोठी आणि सर्वांत कमी बोलली गेलेली. भूखंड कोणाला परवडला? कायम नोकरीवाल्याला, ज्याला कर्ज मिळते त्याला. ठेक्यावरचा हेल्पर, चहावाला, कॅन्टीनमध्ये भांडी घासणारी बाई, रिक्षावाला यांची गणती कामगारात झालीच नाही. एका मोठ्या नोकरीच्या मागे अशी लहान-सहान कामे येतातच. नकाशात त्यांच्यासाठी रंग नव्हता. हे प्राधिकरण २०२१ साली विलीन झाले. त्याचे काही क्षेत्र महापालिकेकडे, काही पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे गेले.

आता थोडे गणित. विद्यार्थी मित्रांनो, घाबरू नका, पाचवीचे आहे. समजा, एका भागात एक लाख नोकऱ्या येणार. घरात सरासरी दीड माणूस कमावतो असे धरा. म्हणजे सुमारे पासष्ट-सदुसष्ट हजार घरे लागतील. तेवढी घरे जवळपास असली तर कागदावर तोल साधला. पण त्या नोकऱ्यांतल्या साठ हजार जर पंधरा-वीस हजार पगाराच्या असतील आणि घरे सगळी ऐंशी लाखांची असतील, तर आकडे जुळूनही माणसे जुळत नाहीत. ऐंशी लाखांच्या घरात राहणारा सकाळी गाडी काढून दुसरीकडे कामाला जातो आणि पंधरा हजारवाला तीन बस बदलून तिथे येतो. रस्त्यावर दोघे एकमेकांसमोर उभे असतात. खराडीत राहणारे हिंजवडीला जातात, वाकडला राहणारे खराडीला. नोकऱ्यांच्या संख्येइतकीच घरांची संख्या, ही झाली निम्मी गोष्ट. पगार आणि भाडे यांचा मेळ ही उरलेली निम्मी, आणि तीच अवघड.

हा विचार काही आपल्याकडे नवा जन्मला नाही. इंग्लंडात एबेनेझर हॉवर्ड नावाच्या गृहस्थाने १८९८ साली त्यावर पुस्तक लिहिले आणि १९०३ मध्ये लेचवर्थ या उद्याननगरीची सुरुवात झाली. हे गृहस्थ पेशाने लघुलेखक होते, वास्तुशास्त्रज्ञ नव्हे. आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली, इंदापूर तालुक्यात वालचंदनगर उभे राहिले. कारखान्याचा भोंगा ऐकून घरातून निघावे, इतके अंतर. पण एकाच मालकाच्या गावात एक धोका असतो. नोकरी गेली की घरही जाते. पिंपरीचा पेनिसिलिनचा कारखाना पुढे आजारी पडला तेव्हा त्या वसाहतीतल्या कुटुंबांना एकाच वेळी दोन चिंता लागल्या. म्हणून काम जवळ हवे, पण एकच काम जवळ असून भागत नाही.

नवी मुंबईचे उदाहरणही बोलके आहे. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी साठच्या दशकात खाडीपलीकडे नवे शहर सुचवले आणि १९७० साली सिडको स्थापन झाली. मुंबईतली कामे पलीकडे न्यावीत, म्हणजे माणसे आपोआप जातील, हा हेतू. घाऊक बाजार वाशी-तुर्भ्याला गेले, पण मंत्रालय मुंबईतच राहिले. १९९२ साली लोकल वाशीपर्यंत पोचली आणि पुष्कळांनी घर नव्या मुंबईत घेऊन नोकरी जुन्या मुंबईतच ठेवली. कचेऱ्या हलवण्यापेक्षा माणसे हलवणे सरकारला नेहमीच सोपे वाटते.

पुण्यात या बाबतीत एक वेगळा प्रयोग झाला तो हडपसरला, मगरपट्ट्यात. सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी आपली सुमारे ४०० एकर जमीन बिल्डरला न विकता एकत्र केली, जमिनीच्या प्रमाणात हिस्से ठरवले आणि सतीश मगर यांच्या पुढाकाराने तिथे घरे, शाळा, रुग्णालय आणि संगणक कंपन्यांच्या इमारती उभ्या केल्या. मूळ मालक शहराचे भागीदार झाले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. तिथे राहणारे सगळे तिथेच काम करतात असे मात्र नाही, आणि फाटकावरचा सुरक्षारक्षक तिथे राहू शकत नाही हेही खरे.

आणि हिंजवडी? तिथे एम.आय.डी.सी.ने संगणक उद्यान केले, नोकऱ्या लाखांच्या संख्येने आल्या. पण भूखंड एम.आय.डी.सी.चे, गाव ग्रामपंचायतीचे, शेजारची घरे महापालिकेच्या हद्दीत, बस तिसऱ्याच कंपनीची. इमारत बांधायला परवानगी देणारा आणि रस्ता रुंद करणारा यांची गाठ पडायला वर्षे गेली. सबंध प्रदेशासाठी एकच प्राधिकरण स्थापन झाले ते २०१५ साली. माण-हिंजवडी ते शिवाजीनगर या २३ किलोमीटरच्या मेट्रो मार्गाची पायाभरणी डिसेंबर २०१८ मध्ये झाली. नोकऱ्या येऊन तोवर पंधरा-वीस वर्षे झाली होती. रूळ आधी आणि कचेरी मागून, असा क्रम असता तर त्या भगिनींना मला प्रश्न विचारावा लागला नसता.

आता आपल्या घरातले बोलतो. थोडे कडू लागेल, पण आपल्याच माणसांसमोर बोलायचे नाही तर कुठे?

आपल्या समाजात पगारी नोकरीपेक्षा स्वतःच्या हातावर जगणारे अधिक. बागवान, अत्तार, बेकरीवाले, गॅरेजवाले, नाना पेठेत गाड्यांचे सुटे भाग विकणारे, भवानी पेठेच्या लाकूडबाजारात काम करणारे. यांची घरे धंद्याच्या आसपासच होती. घाऊक फळबाजार मंडईतून गुलटेकडीला गेला. शहराच्या दृष्टीने ते योग्यच होते, मंडईच्या गल्लीत ट्रक मावत नव्हते. बागवान कुटुंबे मात्र पहाटे तीनला उठून जाऊ लागली. बाजार हलवताना बाजारातला माणूस कुठे राहतो, असे विचारण्याची पद्धत आपल्याकडे नाही.

दुसरी गोष्ट. नोकरीजवळ घर शोधायला आपला मुलगा जातो, घर पसंत पडते, भाडे ठरते आणि मग नाव विचारले जाते. पुढचे मी सांगायला नको. माझ्या स्वतःच्या मुलाला एकाच आठवड्यात तीन ठिकाणी "घर आत्ताच गेले" असे उत्तर मिळाले आणि तिन्ही पाट्या पुढच्या महिन्यात तिथेच लटकत होत्या. २००६ सालच्या सच्चर समितीच्या अहवालातही घर भाड्याने किंवा विकत मिळण्यातल्या या अडचणीची नोंद आहे. परिणाम काय, तर आपण कोंढव्यातच घर घेतो, तिथेच गर्दी करतो, तिथलेच भाव वाढवतो. इतरांना नोकरी आणि घर यांतले अंतर नियोजनामुळे पडते, आपल्याला त्यात आणखी चार किलोमीटर नावाचे पडतात. याला नकाशात उपाय नाही, कायद्यात आणि शेजाऱ्याच्या मनात आहे. पण चांगले शेजारीही मला भरपूर भेटले. माझ्या मुलाला अखेर घर दिले ते एका निवृत्त शिक्षिकेने. अनामतही तिने निम्मीच घेतली.

तिसरी गोष्ट मुलींची, आणि इथे दोष बाहेरच्यांचा नाही. मुलाला दोन तासांचा प्रवास असला तर आपण म्हणतो, कष्ट करतोय. मुलीला असला तर म्हणतो, नकोच ती नोकरी. काळजी मी समजू शकतो. पण या संस्थेने तिला बारावीपर्यंत, पदवीपर्यंत आणले, ते अंतराच्या पायी वाया घालवायचे काय? अंतर ही काही नशिबाची रेघ नव्हे, ती माणसांनीच आखलेली आहे. पालकांनी मुलीला थांबवण्याआधी चार मुलींनी मिळून कामाजवळ घर घेता येईल का, नोकरदार महिलांचे वसतिगृह आहे का, कंपनीची बस कुठपर्यंत येते, कचेरी पहाटे-रात्रीच्या पाळीची आहे का, एवढी चौकशी करावी. संस्थेच्या पदाधिकाऱ्यांनाही माझी विनंती आहे. पुढची इमारत बांधायची झाली तर ती वर्गखोल्यांची न बांधता शहराच्या पश्चिम अंगाला तीस-चाळीस मुलींचे वसतिगृह बांधा.

घर घेणाऱ्या पालकांना एक व्यावहारिक सूचना. स्वस्त घर लांब मिळते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण हप्त्याच्या शेजारी प्रवासाचा खर्चही मांडा. समजा, लांबच्या घरात महिन्याला चार हजार वाचतात. दोघे कमावते असतील, दोघांचे पेट्रोल मिळून पाच हजार जाते आणि दोघांचे मिळून रोज चार तास रस्त्यावर. ते घर स्वस्त कुठे राहिले? दोघांच्या कामाच्या मध्यावर घर पाहा, शाळा चालत जाण्याच्या अंतरावर पाहा. म्हाडाच्या सोडतीचा अर्ज भरायला कंटाळू नका.

शेवटचे विद्यार्थ्यांसाठी. विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की नागरिकांकडून हरकती आणि सूचना मागवतात. कायद्याने तो हक्क प्रत्येकाला आहे. जुन्या पुण्याच्या आराखड्याचा मसुदा २०१३ साली जाहीर झाला तेव्हा ऐंशी हजारांहून अधिक हरकती आल्या. मी ज्या कचेऱ्यांत काम केले तिथे अशा अर्जांचे गठ्ठे माझ्या टेबलावरून गेले आहेत. बहुतेक अर्ज माझ्या प्लॉटवरचे आरक्षण काढा, एवढेच म्हणणारे. आमच्या भागात कामगारांसाठी भाड्याची घरे हवीत, इथे बसडेपो हवा, मुलींच्या वसतिगृहासाठी जागा राखा, असे म्हणणारा अर्ज क्वचितच दिसला. आपल्या वस्तीतून तर जवळजवळ नाहीच. अर्ज मराठीत, साध्या कागदावर चालतो. सही आणि पत्ता लागतो. आणि ज्यांना या विषयात गोडी वाटेल त्यांनी शिवाजीनगरच्या सी.ओ.ई.पी. तंत्रज्ञान विद्यापीठात नियोजनाच्या पदवीची चौकशी करावी. टेबलाच्या त्या बाजूलाही आपली काही मुले बसली पाहिजेत.

त्या भगिनी आज समोर बसल्या आहेत. मुलगी नोकरीवर रुजू झाली. सात महिने कोंढव्याहून जाऊन-येऊन केले, आजारी पडली, आता आणखी दोन मैत्रिणींबरोबर वाकडला राहते आणि शनिवारी घरी येते. आईला ते अजून पुरते पसंत नाही, हे त्यांनी मला मघाशीच सांगितले.

सभागृहाबाहेरच्या टेबलावर पुणे महानगर प्रदेशाचा मोठा नकाशा पसरून ठेवला आहे आणि दोन रंगांच्या पेन्सिली आहेत. जाताना प्रत्येक कुटुंबाने लाल पेन्सिलीने आपले घर आणि निळीने घरातल्या प्रत्येकाच्या कामाची किंवा कॉलेजची जागा दाखवावी, आणि मधे रेघ ओढावी. दरवाजात गर्दी करू नये, नकाशा एकच आहे.